तिसऱ्या नंबरचा गोली

2003च्या नोव्हेंबरात सॅन होजे शार्क्स या अमेरिकी संघापुढे एक अडचण होती, आणि ती सुखवस्तू घरातल्या अडचणीसारखी होती: गोलरक्षक तीन आणि जागा दोन. आइस हॉकीच्या सामन्यात दोनच गोलरक्षकांना गणवेश चढवता येतो. एक जाळ्यापुढे उभा राहतो, दुसरा बाकाच्या कडेला बसून आतबाहेर करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी फळीचं दार उघडतो आणि लावतो. तिसऱ्याने सूट-टाय घालून वर प्रेक्षकांत बसायचं. त्या मोसमातला तिसरा होता मीक्का किप्रुसॉफ. वय 27, गाव तुर्कू, देश फिनलंड. मोसम सुरू होऊन महिना उलटला तरी एकही सामना त्याच्या वाट्याला आला नव्हता.

16 नोव्हेंबरला शार्क्सने त्याला कॅनडातल्या कॅलगरी फ्लेम्स संघाला देऊन टाकलं. बदल्यात कुणी खेळाडू मिळाला नाही. दरवर्षी नवोदित मुलांची जी निवड होते, त्यातली दुसऱ्या फेरीतली एक पाळी मिळाली, तीही पुढे कधीतरी वापरायची. सात महिने पुरे व्हायच्या आत हाच माणूस लीगच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅन्ली कपच्या, अंतिम मालिकेतला सातवा सामना खेळत होता, आणि त्या वर्षीची त्याची आकडेवारी 1940 नंतर कुणालाच न जमलेली होती.

याला चमत्कार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. नोव्हेंबरातला किप्रुसॉफ आणि डिसेंबरातला किप्रुसॉफ यांच्यात फरक होता तो एवढाच, की एकाला खेळायला मिळत नव्हतं आणि दुसऱ्याला मिळत होतं. माणूस तयारच होता. त्याला घडवणाऱ्यांची साखळी बरीच मागे जाते, थेट दुसऱ्या महायुद्धापर्यंत.

उर्पो युलोनेन 1943 साली काकिसाल्मी या गावात जन्मला. लाडोगा सरोवराच्या काठचं हे गाव तेव्हा फिनलंडमध्ये होतं. पुढच्याच वर्षी कारेलियाचा तो सगळा पट्टा सोव्हिएत रशियाच्या ताब्यात कायमचा गेला आणि चार लाखांहून जास्त फिनिश लोकांना घरदार सोडून पश्चिमेकडे यावं लागलं. युलोनेन मोठा झाला, तुर्कूत खेळायला लागला आणि साठच्या दशकात देशाचा गोलरक्षक बनला. तेव्हाचा फिनलंड म्हणजे आइस हॉकीतला लिंबूटिंबू. बर्फ भरपूर, पण खेळ उघड्यावर, हवामानाच्या मर्जीवर. छताखालचा पहिला हॉल देशात झाला तो 1965 साली, तांपेरे शहरात, तोही जागतिक स्पर्धेचं यजमानपद मिळालं म्हणून. रशिया, चेकोस्लोव्हाकिया, स्वीडन आणि कॅनडा या चौघांकडून हरायचं आणि उरलेल्यांना हरवायचं, हा फिनलंडचा ठरलेला कार्यक्रम.

तो कार्यक्रम मोडायला एक चेक माणूस कारणीभूत झाला. ऑगस्टिन बुब्निक हा चेकोस्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघातला खेळाडू. 1950 साली कम्युनिस्ट सरकारने जवळजवळ अख्खा संघच देशद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकला होता. बुब्निकला चौदा वर्षांची शिक्षा झाली, त्यातली पाचेक वर्षं त्याने भोगली, युरेनियमच्या खाणीतसुद्धा काम केलं. हाच बुब्निक 1966 साली फिनलंडचा प्रशिक्षक झाला. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नात, जागतिक स्पर्धेत, फिनलंडने चेकोस्लोव्हाकियाला 3-1 असं हरवलं. त्यापूर्वी असं कधी झालं नव्हतं. जाळ्यापुढे युलोनेन होता. त्या दिवशी बुब्निकच्या मनात काय चाललं असेल, यावर कुणीतरी कादंबरी लिहायला हवी.

1970च्या जागतिक स्पर्धेत फिनलंड चौथा आला, पण स्पर्धेतला सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून नाव पुकारलं गेलं ते युलोनेनचं. चौथ्या आलेल्या संघाचा गोली पहिला! त्यात एक तर्क आहे. दुबळ्या संघाच्या गोलीला काम जास्त पडतं, आणि काम जास्त पडलं की तो एक तर मोडतो, नाहीतर तयार होतो. फिनलंडमध्ये पुढे गोलरक्षकांचं जे घराणं उभं राहिलं, त्याची सुरुवात या नाइलाजातून झाली असं मला वाटतं. 1978पासून फिनलंडच्या लीगमधल्या सर्वोत्तम गोलरक्षकाला दिलं जाणारं पारितोषिक युलोनेनच्याच नावाचं आहे. आणि हा माणूस त्या पारितोषिकावर नाव कोरून घरी बसला नाही. तो तुर्कूच्या टीपीएस या क्लबात गोलरक्षकांना शिकवायला लागला.

इथे खेळाची थोडी माहिती दिलेली बरी. जाळ्याचं तोंड 183 सेंटिमीटर रुंद आणि 122 सेंटिमीटर उंच. म्हणजे फुटबॉलच्या मानाने खेळणंच. पण त्यात शिरायला बघते ती साधारण 170 ग्रॅम वजनाची, तळहाताएवढी, टणक रबरी चकती, आणि ती ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने येते. बर्‍याचदा गोलीच्या नजरेसमोर पाच-सहा धिप्पाड देह उभे असतात, कुणाची तरी काठी मध्येच लागते आणि चकतीची दिशा बदलते. क्रिकेटमध्ये यष्ट्यांना खेटून उभ्या राहिलेल्या यष्टिरक्षकाला बॅटची कड घेऊन आलेला चेंडू जसा दिसायच्या आधीच झेलावा लागतो, तसं हे काम, फक्त तासभर आणि सामन्याला पंचवीस-तीस वेळा. म्हणून गोलरक्षकाचं शिक्षण म्हणजे झेप घेण्याचं शिक्षण फार थोडं असतं. मुख्य अभ्यास पावलांचा. फटका बसायच्या आधी योग्य कोनात जाऊन स्थिर उभं राहायचं, दोन्ही गुडघे आत वळवून पॅड बर्फावर टाकायचे, लगेच उठायचं, जाळ्याच्या एका खांबाकडून दुसऱ्याकडे एका रेट्यात सरकायचं. चांगल्या गोलीचा अर्धा खेळ चकती लांब असतानाच संपलेला असतो.

आणि हे शिकवायला वेगळा माणूस लागतो. फिनलंडमधल्या क्लबांनी गोलरक्षकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षक ठेवायची सवय लवकर लावून घेतली. एरवी आघाडीवर खेळलेला प्रशिक्षक सरावात गोलीला काय सांगणार? जाळ्यापुढे उभा राहा आणि फटके खा, एवढंच. तुर्कूच्या पोरांना सांगायला खुद्द युलोनेन होता.

मीक्का किप्रुसॉफ 26 ऑक्टोबर 1976 रोजी तुर्कूत जन्मला. आउरा नदीकाठचं हे बंदर म्हणजे फिनलंडची जुनी राजधानी. रशियाच्या झारने 1812 साली राजधानी हेलसिंकीला हलवली, तेव्हापासून तुर्कूकरांना हेलसिंकीशी स्पर्धा करायला निमित्त लागत नाही. मीक्काचा थोरला भाऊ मार्को बचावपटू होता. 1995च्या मे महिन्यात स्टॉकहोममध्ये, स्वीडनच्या घरात, स्वीडनला 4-1 हरवून फिनलंड पहिल्यांदा जगज्जेता झाला, त्या संघात मार्को होता. प्रशिक्षकही स्वीडिश, कुर्ट लिंडस्ट्रॉम, त्यामुळे स्वीडनच्या जखमेवर मीठही चोळलं गेलं. दोन महिन्यांनी नॉर्थ अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगची, म्हणजे एनएचएलची, नवोदितांची निवड झाली. सॅन होजेने चौथ्या फेरीत, 90व्या क्रमांकावर, तांपेरेचा गोलरक्षक वेसा तोस्काला घेतला आणि पाचव्या फेरीत, 116व्या क्रमांकावर, मीक्का किप्रुसॉफ. आठ वर्षांनी उपटलेल्या तीन गोलींच्या भानगडीचं बी इथे पेरलं गेलं.

निवड झाली म्हणजे बोलावणं आलं असं नसतं. किप्रुसॉफ स्वीडनमध्ये खेळून आला, पुन्हा टीपीएसकडे परतला आणि 1999 साली टीपीएसला फिनलंडचं विजेतेपद मिळवून दिलं. मोसमातला सर्वोत्तम गोलरक्षक तोच ठरला, म्हणजे ज्याने शिकवलं त्याच्याच नावाचं पारितोषिक त्याने जिंकलं. प्लेऑफमधला, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीतला, सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्यानंतर तो अमेरिकेला निघाला आणि पोचला कुठे, तर घोड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध असलेल्या केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला. सॅन होजेचा दुय्यम संघ तिथे होता.

सॅन होजेकडे गोलरक्षकांचा प्रशिक्षक होता वॉरन स्ट्रेलो. 1980च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या अमेरिकी पोरांच्या गोलीला यानेच शिकवलं होतं. त्याच्या हाताखाली एकाच वेळी तिघे तयार होत होते: कझाकस्तानचा येवगेनी नाबोकोव्ह, तोस्काला आणि किप्रुसॉफ. तिघांपैकी नाबोकोव्ह आधी चमकला आणि 2001 साली लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला. किप्रुसॉफ त्याचा राखीव. 2002च्या मोसमाच्या सुरुवातीला नाबोकोव्हचं संघाशी पैशांवरून बिनसलं, तेव्हा संधी आली, आणि ती किप्रुसॉफने घालवली. 22 सामन्यांत जय फक्त 5. शंभर फटक्यांतले बारा आत जायचे, म्हणजे त्या काळी फारच वाईट. संघच पडत होता हे खरं, त्या डिसेंबरात प्रशिक्षक डॅरिल सटरची नोकरीही गेली. पण गोलीच्या नावापुढचे आकडे कोण समजावून घेत बसतं? पुढच्या मोसमात तोस्काला दुसरा झाला आणि किप्रुसॉफ वर, सूट घालून.

सटरला मात्र महिनाभरात कॅलगरीने उचललं आणि काही महिन्यांत संघाच्या व्यवस्थापनाची सूत्रंही त्याच्याच हाती दिली. अल्बर्टाच्या माळरानावरचा हा शेतकरी गडी, कमी बोलणारा, तोंड सदा वाकडं. 2003च्या शरदात त्याचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक रोमान तुरेक गुडघा दुखावून बसला. सटरला दुसरा गोली हवा होता, स्वस्त हवा होता, आणि सॅन होजेतले तिघेही त्याने रोज सरावात पाहिलेले होते. इतर संघांनी किप्रुसॉफची आकडेवारी पाहिली. सटरने त्याला पाहिलं होतं. सगळी मेख इथे आहे.

कॅलगरीची तेव्हाची अवस्था सांगायला हवी. तेलाच्या पैशावर वाढलेलं हे शहर, 1988च्या हिवाळी ऑलिंपिकचं यजमान, खोगिराच्या आकाराचं छप्पर असलेलं सॅडलडोम त्याची खूण. 1989 साली फ्लेम्सनी स्टॅन्ली कप जिंकला आणि त्यानंतर प्लेऑफमधली एकही मालिका जिंकली नाही. 1996नंतर तर सलग सात मोसम प्लेऑफच गाठलं नव्हतं. खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये, तिकिटाचं उत्पन्न कॅनडाच्या डॉलरमध्ये, आणि कॅनडाचा डॉलर 2002च्या सुमाराला बासष्ट-त्रेसष्ट अमेरिकी सेंटपर्यंत घसरलेला. क्यूबेक आणि विनिपेगचे संघ नव्वदच्या दशकातच अमेरिकेला गेले होते. कॅलगरीचाही जाणार, ही चर्चा शहरात उघड चालायची.

अशा ठिकाणी किप्रुसॉफ आला आणि त्याने गोल देणं जवळजवळ थांबवलं. मध्ये गुडघा दुखावल्याने काही आठवडे बाहेर बसावं लागलं, तरी 38 सामन्यांत 24 जय आणि सामन्यामागे सरासरी 1.69 गोल. 1939-40च्या मोसमानंतर इतकी कमी सरासरी एनएचएलमध्ये कुणाचीच नव्हती. या आकड्याकडे पाहताना एक गोष्ट विसरू नये. तो काळच गोलांच्या दुष्काळाचा होता. प्रतिस्पर्ध्याला काठीने अडकवणं, अंगावर लोंबकळणं, मधल्या पट्ट्यात गर्दी करणं हे सगळं पंच खपवून घेत, आणि गोलींचे पॅड बारा इंच रुंद असत. शिवाय सटरचा संघ बचावात कुणालाही हेवा वाटावा असा कष्टाळू होता. 2012 साली सेंट लुइसच्या ब्रायन एलियटने 1.56 सरासरी राखून हा विक्रम मोडला, आणि आज एलियटला त्यावरून कुणी महान म्हणत नाही. किप्रुसॉफची किंमत ठरली ती पुढच्या दोन महिन्यांत.

प्लेऑफमधल्या मालिका सात सामन्यांच्या, चार जिंकेल तो पुढे. पहिली मालिका व्हँकूव्हरशी. सातव्या सामन्यात कॅलगरी 2-1 पुढे असताना, घड्याळात 5.7 सेकंद उरली असताना व्हँकूव्हरने बरोबरी साधली. दुसरा संघ असता तर तिथेच कोसळला असता. जादा वेळेत मार्टिन जेलिनाने गोल केला आणि पंधरा वर्षांनी कॅलगरीने मालिका जिंकली.

दुसरी मालिका डेट्रॉइटशी. मोसमात सर्वांत जास्त गुण मिळवलेला, पगारावर कॅलगरीच्या दुप्पट खर्च करणारा, बड्या नावांनी भरलेला संघ. चार सामन्यांनंतर 2-2. पाचवा सामना डेट्रॉइटमध्ये, कॅलगरीने 1-0 जिंकला, एकमेव गोल क्रेग कॉनरॉयचा. सहावा कॅलगरीत. साठ मिनिटं 0-0. जादा वेळ वीस मिनिटांचा, त्यातली एकोणीस संपली तरी 0-0. शेवटच्या मिनिटात पुन्हा जेलिना, 1-0. या दोन सामन्यांत मिळून 139 मिनिटं डेट्रॉइटच्या त्या महागड्या आघाडीला एकदाही चकती जाळ्यात घालता आली नाही. 1-0चा सामना जिंकणारा गोली चुकीला जागाच ठेवत नाही, आणि हे त्याने लागोपाठ दोनदा केलं. त्या दिवसांतला त्याचा खेळ पाहताना जाणवतं ते हे, की मोठ्या उड्या फार कमी आहेत. चकती येते, छातीवर किंवा हातमोज्यात मावते, तो ती पंचाकडे देतो, पाण्याची बाटली उचलतो. कधी मागच्या फटक्याला पाय वर उचलून, पाठीवर पडूनही त्याने चकती अडवली आहे, त्याची शरीराची लवचीकता तशी होतीच. पण त्या उड्यांवर तो जगत नव्हता.

तिसरी मालिका, आता पटकथा लिहिणाऱ्यालाही संकोच वाटावा, सॅन होजेशी. समोर जाळ्यात नाबोकोव्ह, बाकावर तोस्काला. कॅलगरीने सॅन होजेत जाऊन पहिले दोन सामने जिंकले, घरी दोन हरले, पुन्हा सॅन होजेत 3-0 असा जिंकला, आणि सहाव्या सामन्यात मालिका संपवली. निर्णायक गोल परत एकदा जेलिनाचा. ज्या हॉलमध्ये किप्रुसॉफ शरदात प्रेक्षकांत बसायचा, तिथले तिन्ही सामने त्याने जिंकले होते. त्यावर तो काही भव्य बोलला असेल अशी आशा ठेवू नये. पत्रकारांना दोन वाक्यांत वाटेला लावण्यासाठी तो प्रसिद्ध होता.

1994नंतर पहिल्यांदाच कॅनडाचा संघ अंतिम फेरीत आला होता. कॅलगरीतला सतरावा अॅव्हेन्यू सामन्याच्या रात्री लाल जर्सींनी इतका भरून जायचा, की त्याला ‘रेड माइल’ असं नाव पडलं. समोर फ्लोरिडाचा टँपा बे लायटनिंग, जिथे बर्फ फक्त सरबतात दिसतो. त्यांचा गोलरक्षक निकोलाय खबिबुलिन हाही त्या वसंतात किप्रुसॉफच्या तोडीस तोड खेळत होता. पाच सामन्यांनंतर कॅलगरी 3-2 पुढे. 5 जून 2004, सॅडलडोम, एक विजय मिळाला की कप.

तिसऱ्या सत्राची सात मिनिटं उरलेली, 2-2. कॅलगरीचा हल्ला. जेलिना वेगात जाळ्याकडे झेपावला, चकती त्याच्या स्केटला लागून वळली आणि खबिबुलिनने पसरलेल्या पायाच्या पॅडवर आदळून बाहेर आली. पंचांनी खेळ थांबवला नाही. प्रक्षेपणात नंतर एक दृश्य दाखवलं गेलं, त्यात चकती आणि लाल गोलरेषा यांच्यामध्ये पांढरी फट दिसते. म्हणजे गोल. पण चकती बर्फाला टेकलेली असेल तरच. ती हवेत असेल, तर वरून तिरप्या लावलेल्या कॅमेऱ्याला ती आहे त्यापेक्षा आत दिसणार. लीगचं म्हणणं हेच होतं, की ठाम काही सांगता येत नाही. कॅलगरीकरांना आजही विचारून पाहा, त्यांना ठाम सांगता येतं.

किप्रुसॉफ तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. दुसऱ्या जादा सत्राच्या 33व्या सेकंदाला चकती त्याच्यामागे गेली. फटका मारणारा होता मार्टिन सँ लुई, उंचीने कमी म्हणून चार वर्षांपूर्वी कॅलगरीनेच ज्याला सोडून दिलं होतं तो. सॅन होजेने फेकलेला हिरा कॅलगरीला सापडला होता, कॅलगरीने फेकलेला टँपाला. दोन दिवसांनी टँपात सातवा सामना 2-1 असा गेला, टँपाचे दोन्ही गोल युक्रेनच्या रुस्लान फेदोतेन्कोचे. किप्रुसॉफच्या नावावर 26 सामने, 15 जय आणि त्यातले पाच एकही गोल न देता.

या वसंताचा एवढा गाजावाजा झाला, की पुढची नऊ वर्षं त्याची शेपटी वाटावीत. मला उलटं वाटतं. 2004च्या सप्टेंबरात फिनलंडने वर्ल्ड कपची अंतिम फेरी गाठली आणि टोरांटोत कॅनडाकडून 3-2 असा निसटता पराभव पत्करला. लगोलग मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात एनएचएलचा अख्खा मोसम बुडाला, किप्रुसॉफ स्वीडनमधल्या टिमरो संघाकडून खेळला. लीग परतली ती नव्या नियमांनिशी. अडवाअडवी बंद, गोलींचे पॅड अकरा इंचांवर, गोल वाढावेत म्हणून सगळं. म्हणजे 1.69च्या मागे जे जे आधार होते असं टीकाकार म्हणत, ते काढून घेतले गेले. आणि त्याच 2005-06च्या मोसमात किप्रुसॉफने 42 सामने जिंकले, दहांत एकही गोल दिला नाही, आणि सर्वोत्तम गोलरक्षकाची वेझिना ट्रॉफी मिळवली. ती मिळवणारा तो पहिला फिनिश माणूस. लीगमधल्या सर्वांत मौल्यवान खेळाडूच्या हार्ट ट्रॉफीसाठीही अखेरच्या तिघांत त्याचं नाव होतं. गोलींचं नाव त्या यादीत सहसा येत नाही.

त्यानंतर तो राबला. दुसरा शब्द नाही. मोसमात 82 सामने असतात आणि चांगले संघ आपल्या गोलीला त्यातल्या वीसेक सामन्यांत विश्रांती देतात. कॅलगरीला तेवढी ऐपत नव्हती, किंवा धीर नव्हता. सलग सात मोसम किप्रुसॉफ दरवर्षी सत्तर किंवा त्याहून जास्त सामने खेळला. 2008-09 मध्ये 76 खेळून 45 जिंकले. आणि एप्रिल उजाडला की थकलेला गोली घेऊन कॅलगरी पहिल्याच फेरीत बाहेर. 2006, 2007, 2008, 2009, चारही वेळा. सॅन होजेविरुद्धच्या 2008च्या मालिकेत तर त्याला दोनदा मध्येच बाहेर काढावं लागलं. चाहते कुरकुरले, आणि 2004ची मापं लावणाऱ्यांना ते खोटं ठरवता आलं नाही. पण सत्तर-सत्तर सामने ओढणाऱ्याच्या खांद्यावर भार कुणी ठेवला, हा प्रश्न संघाला विचारायचा होता.

देशाशी त्याचं गणित कधी जुळलं, कधी नाही. 2006च्या तुरीन ऑलिंपिकला तो गेला नाही. तिथे तुर्कूच्याच टीपीएसमध्ये वाढलेल्या आंतेरो नीत्तुमॅकीने फिनलंडला रौप्यपदकापर्यंत नेलं आणि तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. एक पाट रिकामा झाला तर त्याच घरातला दुसरा जेवायला बसला, अशी तेव्हा तुर्कूची श्रीमंती होती. 2010 साली व्हँकूव्हर ऑलिंपिकला किप्रुसॉफ गेला. उपांत्य सामना अमेरिकेशी. दोन मिनिटं झाली होती. तो चकती साफ करायला जाळं सोडून पुढे आला आणि त्याने ती सरळ रायन मलोनच्या काठीवर दिली, मागे जाळं मोकळं. तेरा मिनिटांच्या आत 6-0. चार गोल किप्रुसॉफवर, मग निकलास बॅकस्ट्रॉमला आणलं. आयुष्यभर जो कमीत कमी हालचाल करून जिंकला, त्याने ऑलिंपिकमधली सर्वांत मोठी चूक केली ती नको तेव्हा हलून. दुसऱ्या दिवशी स्लोव्हाकियाला 5-3 हरवून फिनलंडने कांस्य घेतलं, किप्रुसॉफ पुन्हा जाळ्यात होता.

2012 साली त्याने एनएचएलमधला तीनशेवा विजय नोंदवला, फिनलंडच्या गोलींमध्ये पहिल्यांदा. पुढच्या वसंतात कॅलगरीने डाव मोडला. कर्णधार जरोम इगिनलाला पिट्सबर्गला देऊन टाकलं. टोरांटोला किप्रुसॉफ हवा होता. त्याच्या घरी नुकतंच मूल झालं होतं, त्याने जायला नकार दिला. मोसम संपला, करारातलं एक वर्ष शिल्लक होतं, सप्टेंबरात त्याने निवृत्ती कळवली आणि फिनलंडला निघून गेला. निरोपाचे दौरे नाहीत, समालोचकाची खुर्ची नाही.

त्याच्या मागून फिनलंडचे गोली रांगेने आले. 2010 साली शिकागोला स्टॅन्ली कप जिंकून देणारा अँटी निएमी, जो तरुणपणी वान्ता शहरात बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवायचा. 2014चा वेझिनाविजेता टुक्का रास्क. 2018चा वेझिनाविजेता पेक्का रिन्ने, 258व्या क्रमांकावर निवडलेला. पंचावन्न लाख वस्तीच्या देशातून हे येत होतं. आता निवड करणारे संघ फिनिश गोलीची आकडेवारी वाचून थांबत नाहीत, त्याच्या सरावालाही जाऊन बसतात.

मार्च 2024 मध्ये कॅलगरीने त्याचा 34 नंबर निवृत्त केला, सॅडलडोमच्या छताला जर्सी चढवली. संघाचा व्यवस्थापक तेव्हा क्रेग कॉनरॉय होता, डेट्रॉइटविरुद्ध तो 1-0चा गोल करणारा. टोरांटोतल्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये मात्र किप्रुसॉफचं नाव निवृत्तीला दशक उलटलं तरी आलेलं नाही. 319 विजय कमी पडतात, कप नाही, त्याच्यासाठी ओरडणारं कुणी नाही आणि तो स्वतः तर नाहीच नाही. कॅलगरीचा 1989चा कप जिंकलेला गोली माइक व्हर्नन 2002 साली निवृत्त झाला आणि त्याला तिथे 2023 साली घेतलं, तेव्हा अजून वेळ आहे असं म्हणायला हरकत नाही. आणि सॅन होजेची टिंगल करणाऱ्यांसाठी एक हिशेब बाकी आहे. किप्रुसॉफच्या बदल्यात मिळालेली ती दुसऱ्या फेरीतली पाळी त्यांनी 2005 साली वापरली आणि मार्क-एदुआर व्लासिक नावाचा अठरा वर्षांचा बचावपटू घेतला. तो त्यांच्याकडून तेराशेहून जास्त सामने खेळला.